टपाल आणि तार: एका छपराखालची सत्तर वर्षे

भारतात टपाल, तार आणि टेलिफोन एकाच सरकारी खात्याकडे होते, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. तिघांचा उगम मात्र वेगवेगळा आहे.

पत्रे वाहण्याचा एकाधिकार कंपनी सरकारने 1837 च्या कायद्याने स्वतःकडे घेतला. पण सामान्य माणसासाठी खरा बदल झाला 1854 मध्ये. तोवर अंतर वाढले की दर वाढे. ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशात कुठेही जाऊ लागले. शेजारच्या तालुक्याला आणि कलकत्त्याला दर एकच! या खात्याने केलेली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते. 1880 मध्ये मनीऑर्डर आली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला पगार पोस्टमनच्या हातून कोकणातल्या घरी पोचू लागला.

तारेची सुरुवात राज्यकारभाराच्या गरजेतून झाली. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक लाइन टाकली, आणि 1855 मध्ये तार जनतेसाठी खुली झाली. टेलिफोन 1882 मध्ये आला, तोही आधी खासगी कंपन्यांकडे.

1914 मध्ये टपाल आणि तार ही खाती एक झाली. कारण साधे होते: गावात पोस्टमास्तर होताच, तारेसाठी वेगळे कार्यालय आणि वेगळा माणूस परवडणारा नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात 23,344 पोस्ट ऑफिसे होती. आज ती दीड लाखांहून जास्त आहेत. पत्त्यांचा गोंधळ वाढला तेव्हा याच खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोड आखला. 15 ऑगस्ट 1972 पासून तो लागू झाला. वेलणकर संस्कृतचे कवीही होते, हे आवर्जून सांगायला हवे.

टेलिफोनला मात्र मोठे भांडवल आणि झपाट्याने बदलणारी यंत्रे लागत. जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. अखेर 1985 मध्ये टपाल आणि दूरसंचार हे दोन विभाग वेगळे झाले. पुढच्याच वर्षी मुंबई-दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले, 2000 मध्ये उरलेल्या देशासाठी भारत संचार निगम आली. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली.

1885 चा तार कायदा आणि 1898 चा पोस्ट ऑफिस कायदा यांची जागा घेणारे नवे कायदे संसदेने 2023 मध्ये मंजूर केले. त्यातल्या पोस्ट ऑफिस कायद्यात पत्रे वाहण्याचा सरकारी एकाधिकार ठेवलेला नाही.