चेरिन्योलाची पेवं

दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतात, फोज्जा जिल्ह्यात, चेरिन्योला नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. वस्ती साधारण ५७-५८ हजार, पण नगरपालिकेची हद्द जवळजवळ ५९४ चौरस किलोमीटर. इटलीत एवढी मोठी हद्द रोम आणि रावेन्ना या दोघांचीच. या गावात एक मोकळं मैदान आहे आणि त्यावर बुटके दगड रोवलेले आहेत. दगडावर एक आकडा आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली असतात. प्रत्येक दगडाशेजारी जमिनीखाली एक पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, आहे. अशी शेकडो पेवं या मैदानात आहेत. फोज्जा शहरातही ती होती, पण तिथे वरून इमारती उभ्या राहिल्या.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रचना लगेच कळेल. तोंड अरुंद, पोट रुंद. आतून गिलावा किंवा विटांचं अस्तर, तळाला आणि कडेला पेंढा, वरून फळ्या आणि त्यावर मातीचा ढीग. धान्य भरायला आणि काढायला ‘स्फोसातोरी’ म्हणून ओळखले जाणारे खास मजूर असत.

धान्य तिथे टिकतं कसं? गव्हाचा दाणा जिवंत असतो, त्याचं श्वसन मंदगतीने चालूच राहतं. धान्याबरोबर आत गेलेले सोंडेकिडेही श्वास घेतात. पेव नीट बंद असलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायू तीनेक टक्क्यांवर आला की किड्यांचं खाणं आणि वाढणं थांबतं. यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोरड्या धान्यात किड्याला प्यायला पाणी नसतं. खाल्लेलं अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळून त्याचं शरीरच पाणी तयार करतं. प्राणवायू तुटला की हे पाणीही तुटतं, आणि किडा बऱ्याच अंशी तहानेने मरतो. म्हणजे सोंडे स्वतःच्याच श्वासाने आपला नाश ओढवून घेतात. फवारणी नको, धुरी नको. मात्र नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणं माणसाच्याही जिवावर बेतू शकतं. हवा खेळू दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम हरिपूरलाही तितकाच लागू आहे.

अशा साठवणीला खरा धोका ओलाव्याचा. चेरिन्योला ज्या ताव्होलिएरे मैदानावर वसलं आहे, ते इटलीतल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. पाऊस मुख्यतः हिवाळ्याच्या अंगाने येतो, उन्हाळा करपवून टाकतो. जून २००७ मध्ये फोज्जाजवळ पारा ४७ अंशांवर गेला होता. थंडीच्या तोंडावर पेरलेला गहू जूनमध्ये कापणीला येतो, तो वाळूनच. जमिनीखाली काही मीटरवर मात्र तापमान वर्षभर फारसं हलत नाही. कोरडा दाणा, थंड माती आणि बंद तोंड यांवर सगळं उभं आहे.

हा गहू म्हणजे डुरम, आपल्या बन्सीच्याच जातीचा. दाणा कडक, रवा पिवळसर, म्हणून पास्त्याला उत्तम. नाझारेनो स्त्रांपेल्ली या पैदासकाराने उत्तर आफ्रिकेतल्या एका डुरम वाणातून निवड करून १९१५ मध्ये ‘सेनातोरे कापेल्ली’ हे वाण दिलं. याच मैदानावर आपली जमीन प्रयोगांसाठी देणाऱ्या सिनेटर राफाएले कापेल्ली यांचं नाव त्याला मिळालं. वाण उंच, शेतात आडवं पडायचं, तरी कित्येक दशकं इटलीच्या डुरम शेतीवर त्याचंच राज्य होतं. पुढे किरणोत्सर्गाने त्यात उत्परिवर्तनं घडवली गेली, आणि त्यांतल्याच एकाच्या संकरातून १९७४ मध्ये बुटकं ‘क्रेसो’ आलं.

पण पेवं भरलेली असली तरी गाव उपाशी होतं, हे सांगितल्याशिवाय चेरिन्योलाची ओळख पुरी होत नाही. १४४७ पासून हे ताव्होलिएरे मैदान राजाने मेंढपाळांच्या हिवाळी चराईसाठी राखून ठेवलं होतं, नांगराला मुभा मोजकी. ती व्यवस्था १८०६ मध्ये मोडली, १८६५ च्या कायद्याने जमिनी खासगी मालकीच्या होऊ लागल्या, आणि पावोन्चेल्लींसारख्या थोड्या घराण्यांकडे प्रचंड शेती गेली. बाकीचे ‘ब्राच्चांती’, म्हणजे रोजंदारीवरचे शेतमजूर. सखल भागात हिवताप, पाण्याची टंचाई आणि स्वतःची जमीन नाही, त्यामुळे रानात वस्त्या झाल्या नाहीत. सगळे गावातच दाटीने राहत, पहाटे चौकात उभे राहत, मुकादम निवडेल त्यांना काम मिळे. पेवातला गहू भाव चढेपर्यंत थांबू शकत होता. मजुराच्या पोटाला थांबता येत नव्हतं.

याच गावात ११ ऑगस्ट १८९२ रोजी जुझेप्पे दि वित्तोरिओ जन्मले. वडील शेतमजूर, ते लवकर गेले, आणि शाळा सोडून पोरगा रानात कामाला लागला. १९२१ मध्ये तुरुंगात असतानाच तो संसदेवर निवडून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचं नेतृत्व त्यांनी १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं. मला चेरिन्योलाचा स्वभाव त्यांच्यात दिसतो. आज तिथे गव्हाबरोबर द्राक्षं, टोमॅटो आणि ‘बेल्ला दि चेरिन्योला’ हे टपोरं हिरवं ऑलिव्ह पिकतं. कापणी-तोडणीला आता आफ्रिकेतून आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर असतात. मुकादमांकडून होणारी त्यांची पिळवणूक रोखण्यासाठी इटलीला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

पेवाचं तत्त्व दरम्यान मैदान सोडून पिशवीत आलं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी साठवायला तीन पदरी पिशवी विकसित केली: आत प्लास्टिकचे दोन जाड पदर, बाहेर विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधलं की आतले किडे तसेच तहानेने मरतात. शंभर किलोचं हे पेव शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्यात राहतं. आपलं धान्य भाव येईपर्यंत तो स्वतः ठेवू शकतो.