घासायलाच हवं असं नाही

कंगवा केसांवर घासला की वीज ‘तयार होते’, हे आपण शाळेपासून घोकतोय. खरं तर दोन विद्युतरोधक नुसते टेकून सुटले तरी प्रभार इकडचा तिकडे जातो. घासण्याने स्पर्शच वाढतो. ठाण्यात जानेवारीच्या कोरड्या सकाळी चिकटपट्टी रिळावरून ओढा. घासलं काहीच नाही, तरी पट्टी बोटाकडे झेपावते. (जुलैत नको, दमट हवेत प्रभार टिकत नाही.)

कोण देणार, कोण घेणार याची क्रमवारी पदार्थागणिक ठरलेली असते म्हणतात. तीही पक्की नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं: एकाच सिलिकॉन पॉलिमरचे तुकडे आधी कसेही वागले, पण सुमारे २०० स्पर्शांनंतर जास्त टेकलेला तुकडा कमी टेकलेल्यासमोर हमखास ऋणप्रभारित होऊ लागला.