पेंग्विन बघायचे, तर आधी ड्रेक ओलांडा

अंटार्क्टिकाचा पर्यटन हंगाम आला की एक व्हिडिओ हमखास फिरू लागतो. नाकावर लाट घेणारं जहाज, उपाहारगृहात घरंगळणाऱ्या खुर्च्या आणि खाली मजकूर: 'इथे दोन महासागर आदळतात, त्यांचं पाणी मिसळत नाही.' व्हिडिओ खरा असतो, मजकूर थापा. पाणी छान मिसळतं. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीत अटलांटिक आणि पॅसिफिक समोरासमोर येतच नाहीत. तिथून पश्चिमेकडून पूर्वेकडे एकच प्रवाह वाहतो आणि तो सेकंदाला १३ ते १७ कोटी घनमीटर पाणी नेतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच पोचतात.

जंगली पेंग्विन बघायला निघालेली बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात. बंदराबाहेरच्या अरुंद बीगल चॅनेलमध्ये पाणी शांत असतं. मग केप हॉर्न या दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या अक्षांशाखाली उघडा समुद्र लागतो आणि दक्षिण शेटलंड बेटांपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर आडोसा म्हणून काही नाही. बंदरापासून बेटांपर्यंत दीड ते दोन दिवस लागतात.

इथल्या लाटा एवढ्या मोठ्या का? लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला. ताशी ५५ किलोमीटरच्या वाऱ्याला सुमारे ५०० किलोमीटर मोकळं पाणी आणि एक पूर्ण दिवस मिळाला, की सरासरी चार मीटरच्या लाटा तयार होतात. वारा ताशी ७५ चा असेल, तर लाटा साडेआठ मीटरच्या घरात जातात. मात्र त्यासाठी १३०० किलोमीटर पाणी आणि ४२ तास लागतात. नेहमीचं उत्तर असं की या अक्षांशांवर पृथ्वीभोवती कुठेच मोठी जमीन आडवी येत नाही, म्हणून वाऱ्याला हवं तेवढं पाणी मिळतं. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. वारा काही पृथ्वीभोवती सलग वाहत नाही. तो एकामागून एक येणाऱ्या वादळांमध्ये असतो आणि जोराच्या वाऱ्याचा पट्टा हजारभर किलोमीटरचा असला तरी खूप झाला. मग ४२ तास एकाच लाटेला वारा मिळतो कसा?

खरी गंमत इथे आहे. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तनकाळावर, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा माथा यायला लागणाऱ्या वेळेवर ठरतो. १२ सेकंदांची लाट सुमारे २२५ मीटर लांब असते आणि तिचा माथा ताशी ६७ किलोमीटरने पळतो. पण लाटेची ऊर्जा माथ्याबरोबर जात नाही. लाटा समूहाने चालतात. समूहाच्या मागच्या टोकाला नवा माथा उगवतो, समूहातून पुढे सरकतो आणि पुढच्या टोकाला विरतो. समूह, आणि त्याच्यासोबत ऊर्जा, माथ्याच्या निम्म्या वेगाने म्हणजे ताशी ३४ किलोमीटरने जाते. आता वादळाकडे बघा. दक्षिण गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. त्यामुळे वादळाच्या उत्तर अंगाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि वादळही त्याच दिशेला सरकत असतं. समजा ते ताशी ४२ किलोमीटरने चाललंय. पट्ट्याच्या पुढच्या कडेला जन्मलेल्या आखूड लाटा त्याच्यापेक्षा हळू जातात, म्हणून पट्ट्यात मागे मागे पडतात. तेवढा वेळ वारा त्यांना ऊर्जा पुरवत राहतो. वाढता वाढता त्यांचा वेगही वाढतो. आवर्तनकाळ १५ सेकंदांवर पोचला की समूहाचा वेग वादळाइतका होतो, आणि त्यानंतर लाटा वादळाला मागे टाकून पुढे निघून जातात. म्हणजे मागे पडणं आणि पुन्हा पुढे येणं, या दोन्ही काळात त्या वाऱ्याखालीच असतात. वादळ फार सावकाश किंवा फार वेगाने सरकलं तर हा मेळ बसत नाही आणि तेवढ्याच वाऱ्यात लाटा लहान राहतात.

केप हॉर्नजवळ आणखी भर पडते. लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा पाणी उथळ झालं की तिला तळ जाणवू लागतो. २२५ मीटरच्या लाटेसाठी ही मर्यादा ११२ मीटर आहे. इथल्या भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्या कडेच्या उथळ समुद्रतळावर, तेवढं उथळ पाणी सापडतं आणि लाटांचा चढ तीव्र होतो.

जहाज दक्षिणेला जातं, लाटा पश्चिमेकडून येतात, म्हणजे थेट कुशीवर. प्रत्येक जहाजाचा डोलण्याचा स्वतःचा काळ असतो. शंभर मीटरच्या आसपासच्या अशा जहाजांत तो साधारण १० ते १४ सेकंद असतो आणि नेमक्या तेवढ्याच काळाने लाटा आल्या की झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. म्हणूनच कॅप्टन वीस-तीस अंश वळून लाट तिरकी अंगावर घेतो. लाटा भेटण्याचा काळ बदलतो आणि डोलणं कमी होतं. कुशीला पाण्याखाली लावलेले पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, हेही डोलणं दाबतात, पण त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. बर्फात तर ते आत ओढून घ्यावे लागतात. 'आमच्या जहाजात स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवणार नाही' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका.

बोट लागण्याचं कारण वेगळं. आतला कान हालचाल सांगतो, केबिनच्या भिंतीवर खिळलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. सर्वांत जास्त मळमळ होते ती पाच-सहा सेकंदांच्या वर-खाली हेलकाव्याने. तो जहाजाच्या टोकांना जास्त आणि मध्यावर कमी असतो. म्हणून केबिन खालच्या मजल्यावरची, मधली घ्यावी. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या खोलीला जास्त पैसे मोजून जास्त हेलकावेच मिळतात. गोळी मळमळण्याच्या आधी घ्यायची, कारण मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. कानामागे लावायची स्कोपोलामाइन या मळमळीवरच्या औषधाची पट्टी निघण्याच्या किमान चार तास आधी लावतात, ती तीन दिवस चालते. ती हाताळल्यावर हात न धुता डोळा चोळला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. मनगटावरच्या दाबबिंदूच्या पट्ट्यांच्या बाजूने ठोस पुरावा नाही.

किनारा दिसला म्हणजे उतरायला मिळालं असं नाही. ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला उतरण्याची मुभाच नसते आणि एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी. आदल्या दिवशी खिशांच्या शिवणी आणि वेल्क्रोमधल्या बिया-माती व्हॅक्यूमने काढतात, बूट जंतुनाशकात बुडवतात. रबरी बोटीत चढताना हात हातात नाही, मनगट मनगटात धरायचं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर बर्ड फ्लूची खात्री झाली. आता जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी ठेवणं बंद आहे.

पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. तेच चालत जवळ आले तर स्तब्ध उभं राहावं. बर्फात त्यांनी पायांनी तुडवून केलेल्या वाटा असतात, त्या ओलांडू नयेत आणि आपल्या बुटांचे खोल खड्डे बुजवावेत, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येणं जड जातं. जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली हे तीन प्रकार या वाटेवर भेटतात. नोव्हेंबरात दगडांची घरटी दिसतात आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं. एम्परर मात्र इथे सहसा दिसत नाही. त्यांची स्नो हिल बेटाजवळची वसाहत वेडेल समुद्रातल्या बर्फापलीकडे आहे, तिथे जायला बर्फ फोडणारं जहाज आणि बहुधा हेलिकॉप्टर लागतं.