माळ्यावरची ट्रंक: दडलेल्या प्रेमाच्या नाटकामागचा इतिहास

पेठेतला जुना वाडा. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली येते, तळाशी नऊवारीच्या घडीत पत्रं सापडतात आणि ती वाचून नात गप्प होते. कोल्हापुरात असं नाटक रंगलं की प्रेक्षागृहात मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरते, कारण ते घर बहुतेकांच्या ओळखीचं असतं. सोप्यात पुरुष, माजघरात बायका, त्यापलीकडे अंधारी खोली. कुणी कुठवर यायचं हे ठरलेलं असायचं, आणि मनातलं कुठवर आणायचं हेही.

आधी पत्राबद्दल. जिला लिहिता येत नव्हतं तिचं प्रेम कागदावर उरलंच नाही. ते ओवीत गेलं, नाहीतर तिच्याबरोबरच गेलं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या मुलींच्या शाळांची जबाबदारी रखमाबाई केळवकरांकडे सोपवली होती. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुली हिशेब लिहू लागल्या, माहेरी खुशाली कळवू लागल्या. माझ्या मते नाटकातली ट्रंक तिथपासून भरायला लागते.

१९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आला. पुढे लवकरच आंतरजातीय विवाहालाही महाराजांनी कायद्याचा आधार दिला. म्हणजे राजाने दार उघडलं होतं. उंबरठा मात्र घरचाच राहिला. भावकी काय म्हणेल, धाकट्या बहिणींना स्थळं येतील का, या दोन प्रश्नांपुढे कायद्याचा कागद किती घरांत टिकला असेल? नाटककाराला खरा विषय इथे मिळतो. कायदाच आड आला असता तर दोष सरकारला देता आला असता. इथे नाही म्हणणारे आपलेच वडील, आपलाच थोरला भाऊ.

रंगभूमीलाही हा विषय पेलायला वेळ लागला. १८९९ साली रंगमंचावर आलेल्या ‘संगीत शारदा’ने म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख मांडलं, पण ते उघड्यावरचं दुःख होतं, सगळ्या गावाला दिसणारं. घरात लपलेला भूतकाळ दाखवायला बंदिस्त खोली लागते, हळू आवाजातलं बोलणं लागतं, आणि बाईची भूमिका करायला बाई लागते. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. श्री. वि. वर्तक यांचं हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर बेतलेलं. मूळ नाटकात लग्न ठरलेल्या मुलीला नवऱ्या मुलाचं आधीचं प्रकरण कळतं आणि मग स्वतःच्या वडिलांचंही. भूतकाळ असा दिवाणखान्यात येऊन बसला.

कोल्हापूरला नाट्यगृह त्याआधीच मिळालं होतं. खासबाग मैदानाला लागून महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुलं झालं. पुढे त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडलं. ती बातमी ऐकून घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

आता या नाटकांत ट्रंक खाली उतरते ती वाडा विकसनाला द्यायच्या वेळी. त्यामागेही कायदा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली, तर देशभर २००५ साली मिळाला. त्यामुळे वाटणी असो वा हक्कसोडपत्र, लेकींच्या सह्यांवाचून कागद पुढे सरकत नाहीत. ‘ती कशाला यायची आता’ म्हणून जिचा विषय चाळीस वर्षं टाळला, त्या आत्याला भाऊ स्वतः फोन करून बोलावतो. ती येते, चष्मा लावते, कागद नीट वाचते. आणि सही करायच्या आधी विचारते, “माळ्यावर माझी एक ट्रंक होती, ती कुठाय रे?”