उसनी कंडरा

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, वर उठेल. काहींच्या हातात ती जन्मतःच नसते, आणि तरी त्यांचं काही अडत नाही. म्हणूनच पाल्मारिस लाँगस या स्नायूची ही कंडरा काढून निकामी झालेल्या बोटाला देता येते.

बोटांत स्नायू नसतात. मूठ वळवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांत उतरतात आणि तिथे एका अरुंद नळीतून, चिवट पट्ट्यांखालून सरकतात. मांजाने किंवा काचेने बोट कापलं की आपण ‘नस कापली’ म्हणतो, पण पुष्कळदा तुटलेली असते ती कंडरा. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवायला अशा दोन कंडरा असतात. टोकापर्यंत जाणारी तुटली तरी दुसरीच्या जोरावर मधला सांधा वाकतो, आणि बोट ठीक आहे असं वाटतं. म्हणून मधलं पेर धरून नुसतं टोक वाकतं का, हे पाहायलाच हवं. ते राहून गेलं आणि कातडीला टाके घालून माणूस घरी गेला, की कंडरेचं तुटलेलं टोक मागे ओढलं जातं, नळी आकसते. काही आठवड्यांनी टोकाला टोक जुळत नाही. मग कलम करावं लागतं, म्हणजे दुसरीकडची कंडरा आणून बसवावी लागते.

कंडरा शिवण्यापेक्षा ती सरकती ठेवणं अवघड. जखम भरताना ती आजूबाजूला चिकटते. अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी बोटातल्या या नळीच्या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं; तिथे लगेच न शिवता नंतर कलम करावं, असं ते सांगत. १९६७ मध्ये शल्यविशारद हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी लगेच शिवलेल्या बोटांचे चांगले निकाल मांडले, आणि आज ताजी तुटलेली कंडरा शक्यतो लगेच जोडतात.

नळीच खराब झाली असेल, तर आधी कंडरेच्या जागी सिलिकॉनची लवचीक कांडी ठेवतात. परकी वस्तू दिसली की शरीर तिला वेढून टाकतं. इथे तोच स्वभाव उपयोगी पडतो. साधारण तीन महिन्यांत कांडीभोवती गुळगुळीत अस्तर तयार होतं. मग कांडीच्या टोकाला उसनी कंडरा बांधून ती त्या नव्या नळीतून ओढून घेतात. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

उरतो प्रश्न ताणाचा. उसनी कंडरा ढिली राहिली तर मूठ मिटत नाही, घट्ट झाली तर बोट सरळ होत नाही. हात सैल सोडून पाहा: तर्जनी सर्वांत कमी वाकलेली, करंगळी सर्वांत जास्त. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या हाताची बोटंही या क्रमात बसली की ताण जमला.

त्यानंतर कित्येक आठवडे फिजिओथेरपी असते. बोट हलवलंच नाही तर कंडरा चिकटते, घाईने जोर लावला तर तुटते. रोज थोडं, सांगितलं तेवढंच वाकवायचं.