मुंग्या आल्या म्हणजे माल ओरिजनल?

पहाटे साडेपाचला साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की भरतीची तयारी करणारी पोरं भेटतातच, पूर्वी त्यांच्या खिशात गूळ-शेंगदाणे असायचे, आता निम्म्यांच्या हातात प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या तरतरीच्या पावडरीचा शेकर असतो. माझा भाचा त्यातलाच, वय १९. परवा वर पोचल्यावर मला सांगतो, "मामा, निघताना एक स्कूप मारला, कान आणि गाल कसले सणसणतायत, मुंग्या आल्या की समजायचं माल ओरिजनल."

म्हणलं लगा, मुंग्यांवरूनच माल ओळखायचा असेल तर रानात खाजकुयली फुकट मिळते की.

त्या मुंग्या पावडरीतल्या बीटा-अ‍ॅलानिनच्या. हे एक अमिनो आम्ल, एकदम जास्त पोटात गेलं की कातडीतल्या नसांची टोकं चाळवली जातात, तासाभरात थांबतं, त्यानं नुकसान असं काही नाही. पण स्नायूंना त्याचा जो काय थोडाफार फायदा होतो तो दोन-चार आठवडे रोज घेतल्यावर, त्या दिवशीच्या पळण्याशी मुंग्यांचा काही संबंध नाही. पोराला मात्र वाटतं लागू पडलं, आणि डबा संपला की दुसरा येतो.

खरी किक असते कॅफिनची. आपण काम करत राहतो तसं शरीरात अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला दमल्यासारखं वाटतं. कॅफिन काय करतं, तर त्याच जागा आधी धरतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशा. अ‍ॅडिनोसिन उभंच राहतं. दमणूक कुठं गेलेली नसते, ती फक्त आपल्याला कळत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम इथंच आहे.

आता हिशोब बघा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेप्रमाणे कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्येच १५० ते ३००, म्हणजे साधारण तीन ते सहा कप चहा एका घोटात, आणि पोरं जोशात दोन स्कूप घेतात, त्यावर परत एनर्जी ड्रिंकचा कॅन. काहीजण तर पाणीच घालत नाहीत, कोरडाच बकाणा मारतात कारण रीलमध्ये कुणीतरी मारलेला असतो. पावडर घशात अडकून ठसका, श्वास कोंडणं हे तर आहेच, वर सगळं कॅफिन एकदम अंगावर येतं, छाती धडधडते, हात थरथरतात, आणि कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळं संध्याकाळच्या जिमवाल्याची झोप गेली. अंग भरतं ते झोपेत, हे तालमीतला कुठलाही वस्ताद सांगेल.

पण कॅफिन निदान ओळखीचं तरी असतं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि गेली, तिनं पाण्याच्या बाटलीत एक स्कूप टाकला होता. त्या पावडरीत डीएमएए नावाचं उत्तेजक होतं, आणि चौकशीत असं ठरलं की त्या पदार्थामुळं आणि जिवापाड पळण्यामुळं मिळून हृदय बंद पडलं असावं. हे डीएमएए मुळात १९४० च्या दशकातलं चोंदलेलं नाक मोकळं करायचं औषध, नंतर ते जिरेनियमच्या फुलझाडाचा अर्क म्हणून सप्लिमेंटमध्ये परत आलं. हर्बल लिहिलं की आपण निम्मी चौकशी सोडून देतो.

असली उत्तेजकं रक्तवाहिन्या आवळतात. कातडीकडं रक्त कमी गेलं की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, तिकडं हृदय दुप्पट जोरात पंप करतंय, प्रेशर चढलंय, आणि मेंदूला थांब म्हणणारा निरोप पोचतच नाही. माणदेशातल्या एप्रिलच्या उन्हात भरतीचे १६०० मीटर असं पळून बघू नका. त्यात साधारण ५०० माणसांत एकाच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळं जाड होत जातो आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. पळताना चक्कर, छातीत दुखणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग ग्राउंड.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मेफेन्टरमिनची इंजेक्शनं, ज्यांच्या बातम्या आपल्या भागात अधूनमधून वाचायला मिळतात. हे औषध ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर पडलेलं प्रेशर वर आणायला देतात, शेजारी मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ असतो. जिमच्या मागं एकच सुई चौघांत फिरते, म्हणजे प्रेशर आणि व्यसन तर झालंच, वर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका.

स्टेरॉइडचं एकच सांगतो. वाढत्या वयात घेतलं की हाडांच्या टोकाची वाढीची जागा लवकर बंद होते आणि उंची तिथंच थांबते. पोलीस भरतीला पोरांना १६५ सेंटीमीटर लागतात, नुसते दंड फुगवून काय करायचंय?

प्रोटीन पावडरला मी सरसकट शिव्या देणार नाही, ती बहुतेक वेळा निवळीचीच, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्याचीच भुकटी. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती दुसरी पावडर, तिच्यावरही भरपूर अभ्यास झालेत, मोठ्या निरोगी माणसाला रोजचे ३ ते ५ ग्रॅम सहसा झेपतात, फक्त ते घेत असताना रक्तात क्रिएटिनिन, ज्यावरून किडनी तपासतात, ते जरा जास्त दिसतं, म्हणून डॉक्टरला आधीच सांगावं, उगाच किडनी गेली म्हणून घर रडायला नको. प्रश्न डब्यात नक्की काय आहे हा आहे. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, सुमारे ७० टक्क्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा, आणि साधारण १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे खवट शेंगदाण्यावरच्या बुरशीचं तेच विष जे लिव्हरला लागतं. घरचा शेंगदाणा निदान निवडून घेता येतो, कडू लागला की थुंकता येतो. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ च्या आसपास, व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं रोज १.२ ते २ ग्रॅम पुरतं, ६० किलोच्या पोराला हे दूध-अंडी-उसळीत बसतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले तेव्हा कुठला शेकर होता.

भाच्याला हे सगळं घाट उतरता उतरता सांगितलं. दोन वळणं गप्प होता. मग म्हणाला, "मामा, अडीच हजाराचा डबा आहे, निम्मा शिल्लक आहे, त्याचं काय करू?"