सिझेरियनचे पैसे मेडिक्लेममधून मिळतातच, असं नाहीये

"नॉर्मल डिलिव्हरीचं मिळत नाही, पण सिझर झालं तर ते ऑपरेशन, म्हणजे मेडिक्लेम लागू", हे वर्षानुवर्षं ऐकतेय आणि हे साफ चुकीचं आहे. माझ्या बहिणीचा डिस्चार्ज त्या भरवशावर दुपारपासून अडला होता, बाळ कुशीत, आणि भावजी टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) खिडकीशी रिजेक्शनचा कागद धरून उभे, त्यावर फक्त 'एक्सक्ल १८' लिहिलेलं.

तर हे एक्सक्ल १८ म्हणजे आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेलं मॅटर्निटीचं एक्सक्लुजन, म्हणजे पॉलिसीतून वगळलेला खर्च. पॉलिसीत ते असेल आणि मॅटर्निटी कव्हर वेगळं घेतलेलं नसेल, तर बाळंतपणाचा खर्च मिळत नाही, त्यात सिझर आणि गुंतागुंतीची डिलिव्हरीसुद्धा आली, इतकं स्पष्ट लिहिलंय. गर्भपाताचंही तेच, कायदेशीर केलेला असो की आपोआप झालेला, फक्त अपघातामुळे आपोआप झाला असेल तर तो खर्च या कलमाखाली नाकारता येत नाही. एक्टोपिक म्हणजे गर्भ नळीत वगैरे राहिला तर तेही या एक्सक्लुजनमध्ये बसत नाही, म्हणून तो क्लेम 'मॅटर्निटी' म्हणून नाकारला तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आणि नसबंदीचा खर्च एक्सक्ल १७ या दुसऱ्या एक्सक्लुजनमध्ये.

मॅटर्निटी कव्हर घेतलं तरी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ क्लेम मिळत नाही, काहींत ९ महिने, काहींत २-३ वर्षं, त्यामुळे दिवस गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून मिळतं पण सबलिमिट, म्हणजे बाळंतपणासाठी ठरलेली कमाल रक्कम असते, तो आकडा एचआरकडून मेलवर लेखी घ्या.